चातुर्मासाचा एक नेम : ऋणमुक्ती



आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की आपल्या घराघरांतून चातुर्मासाच्या नेमाची चर्चा सुरू होते. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे सोडतो, कोणी एकभुक्त राहतो, तर कोणी रोज पोथीचा एक अध्याय वाचण्याचा संकल्प करतो. हे सर्व नेम चांगलेच आहेत. परंतु यंदा वाचकांपुढे आणखी एक नेम ठेवावा, असे मनात आले आहे. व्रतांच्या पोथीत तो सापडणार नाही. तथापि त्याचे मूळ आपल्या धर्मग्रंथांतच आहे. घरखर्चात विचारपूर्वक काटकसर करावी आणि तीतून उरलेल्या पैशाने डोक्यावरचे ऋण फेडावे, हाच तो नेम होय.

देवळाच्या पत्रिकेत देण्याघेण्याच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर महाभारतानेच देऊन ठेवले आहे. वनपर्वाच्या अखेरीस यक्षप्रश्नांचा प्रसंग आहे. तहानेने व्याकुळ झालेले चार पांडव सरोवराच्या काठी निश्चेष्ट पडले आहेत, आणि यक्षाच्या रूपाने साक्षात् धर्म युधिष्ठिराला एकामागून एक प्रश्न विचारीत आहे. भावांचे प्राण त्या उत्तरांवर अवलंबून आहेत. अशा वेळी जे प्रश्न आले त्यांत आत्मा, धर्म, तप हे विषय आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला एक अगदी साधा प्रश्न बसला आहे. ह्या जगात आनंदात कोण असतो? धर्मराजाने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, ज्याला पाचव्या-सहाव्या वेळी का होईना, आपल्या स्वतःच्या घरी नुसती भाजी शिजवून खाता येते, परंतु ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही, तो आनंदात असतो. ती पाचवी-सहावी वेळ म्हणजे दिवसाचा भाग, असे कोणी म्हणतात, तर कोणी तिचा अर्थ पाचवा-सहावा दिवस असा करतात. कोणताही अर्थ घेतला तरी तात्पर्य बदलत नाही.

हे उत्तर कोणी दिले, ह्याकडे लक्ष द्यावे. ज्याने द्यूताच्या पटावर राज्य, भाऊ, स्वतःचा देह आणि शेवटी पत्नीसुद्धा पणाला लावली, त्या पुरुषाचे हे उत्तर आहे. आपल्याजवळ नसलेले पणाला लावले म्हणजे काय होते, हे त्याने बारा वर्षे वनात राहून अनुभविले होते. म्हणून ह्या उत्तरात पुस्तकी उपदेश नाही. तसेच ह्यात दारिद्र्याची स्तुतीही नाही. धर्मराज उपाशी राहावयास सांगत नाही. दोन ताटे समोर ठेवून तो निवड करावयास सांगतो. एका ताटात उसनवारीची पंचपक्वान्ने आहेत, दुसऱ्यात स्वतःच्या पैशाची भाजी आहे. दुसऱ्या ताटावर बसणारा सुखी, असा त्याचा निवाडा आहे आणि यक्षाने तो मान्य केला आहे.

मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे ऋण यज्ञाने आणि पितरांचे ऋण संततीने फिटते. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात तर ऋणमुक्तीचीच सूक्ते आहेत, आणि इहलोकी व परलोकी आपण अनृणी असावे अशी त्यांतील प्रार्थना आहे. ह्याच्या उलट बाजूचे चित्र ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तात पाहावयास मिळते. कर्जात बुडालेला तो मनुष्य भीत भीत रात्रीच्या वेळी परक्यांच्या घराकडे जातो, त्याची बायको तळमळते आणि घरची माणसे त्याला ओळख दाखवीत नाहीत. सहस्रावधी वर्षे लोटली, पण ह्या चित्रात फारसा फरक पडलेला नाही. आज त्याच्या हाती एक भ्रमणध्वनी आला आहे एवढेच. त्यावर अनोळखी क्रमांक उमटला की तो तोंड फिरवून अंगणात जातो.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. कर्ज बुडविणारे काही लोक तुकोबांचा दाखला देतात. तुकोबांनी खतेच्या खते इंद्रायणीत बुडविली, मग आम्हीच का फेडावे, असे ते हसत हसत विचारतात. परंपरेने आलेली कथा नीट पाहिली तर ह्या प्रश्नातील खोटेपणा दिसून येतो. तुकोबांच्या घराण्यात महाजनकी व सावकारी होती. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती, त्यांतील निम्मी त्यांनी धाकट्या भावाच्या स्वाधीन केली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. म्हणजे त्यांनी बुडविले ते आपले घेणे, देणे नव्हे. घेणे सोडणाऱ्याला वैराग्य लागते. देणे बुडविणाऱ्याला ते लागत नाही. हा भेद ज्याने ओळखला नाही त्याने तुकोबांचे नाव तोंडी न घ्यावे हेच बरे.

धर्मशास्त्राने ऋणाचा विचार किती बारकाईने केला होता हेही पाहण्यासारखे आहे. बापाचे कर्ज मुलाने व नातवाने फेडावे असे याज्ञवल्क्य सांगतो. परंतु दारू, जुगार व विषयोपभोग ह्यांपायी केलेले कर्ज मुलावर लादू नये, असेही तोच बजावतो. एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, ही जी मर्यादा आपल्याकडे दामदुपट म्हणून ओळखली गेली, तिचे मूळ मनुस्मृतीत आहे. कायद्याने आता काळ बदलला आहे. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला किंवा नातवाला न्यायालयात खेचता येत नाही. वडिलांची जी मालमत्ता वारशाने येते तेवढ्यापुरताच धनकोचा हात पोहोचतो. परंतु कायद्याने सुटका केली म्हणून बापाने निश्चिंत व्हावे काय? वारशाला काय ठेवून जावे ह्याचा विचार करणाऱ्याने, काय ठेवून जाऊ नये ह्याचाही विचार करावा. उलटपक्षी, आजच्या बँकेच्या किंवा कार्डाच्या व्याजापुढे दामदुपटीचा आधार शोधीत बसण्यातही अर्थ नाही. तेथे व्याज वाढतच राहते.

ते कसे वाढते हे आकड्यांनी पाहू. समजा, एका कुटुंबावर 60,000 रुपयांचे कर्ज आहे आणि त्यावर दरमहा शेकडा 3 प्रमाणे, म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने शेकडा 36 व्याज आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर व कित्येक खाजगी सावकारांकडे ह्याच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक व्याज पडते. पहिल्या महिन्याचे व्याजच 1,800 रुपये झाले. ह्या कुटुंबाने दरमहा 1,800 रुपयेच भरले तर जन्मभर भरूनही मुद्दल जागचे हलणार नाही. 2,000 भरले तर कर्ज फिटावयास 78 महिने, म्हणजे साडेसहा वर्षे लागतील व एकंदर सुमारे 1,56,000 रुपये जातील. 3,000 भरले तर तेच कर्ज 31 महिन्यांत फिटेल व सुमारे 93,000 रुपये जातील. 4,000 भरता आले तर वीस महिन्यांहून किंचित अधिक काळ लागेल व सुमारे 81,000 रुपयांत सुटका होईल.

दोन हजार आणि तीन हजार ह्यांतील अंतर महिन्याला 1,000 रुपयांचे आहे. पण त्याचे फळ सुमारे 63,000 रुपये आणि जवळजवळ चार वर्षांची मनःशांती एवढे मोठे आहे. महिन्याचे 1,000 म्हणजे रोजचे सुमारे 33 रुपये. तेहतीस कोटी देवांना नित्य हात जोडणाऱ्या आपल्याला रोजचे तेहतीस रुपये राखणे अशक्य आहे काय? ज्यांचे उत्पन्न हातावरच्या पोटापुरतेच आहे त्यांना तेही कठीण आहे, हे मी जाणतो. त्यांनी दहा रुपये राखले तरी त्या दहांचे मोल असेच वाढते. स्वयंपाकघरात वाचलेला रुपया साधा रुपया राहत नाही, तो व्याजाची पुढील वाट बंद करतो, हे ध्यानी आले म्हणजे काटकसरीला कंटाळवाणेपणा उरत नाही.

आता प्रत्यक्ष आचाराकडे वळू. आपल्या इंदूरच्या भूमीला पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा वारसा आहे. त्यांच्या राज्यात खासगी आणि दौलत असे दोन निरनिराळे हिशेब होते. काशी, गया इत्यादी ठिकाणी त्यांनी जे धर्मकार्य केले त्याचा खर्च खासगीतून होत असे. दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या पैशाला त्यासाठी हात लागत नसे. एवढी मोठी राज्यकर्ती स्त्री जर हा पैसा माझा व हा माझा नव्हे असा भेद पाळीत होती, तर आपल्या लहानशा संसारात तो आपण का पाळू नये? पगार हाती येईल त्या दिवशीच हप्त्याची रक्कम वेगळी काढावी आणि ती धनकोची दौलत आहे, आपली खासगी नव्हे, असे समजावे. महिनाअखेर उरले तर हप्ता भरू, असे म्हणणाऱ्याजवळ कधीच काही उरत नाही.

दुसरी गोष्ट रोजच्या जमाखर्चाची. समर्थांनी दासबोधात परमार्थाआधी प्रपंच नीटनेटका करावयास सांगितले आहे. दिवेलागणीला मुलांचे शुभंकरोति झाले की पाच मिनिटे वही उघडावी आणि दिवसाचा खर्च लिहावा. ही वही घरातील सर्वांना पाहावयास मोकळी असावी. पुष्कळ घरांत कर्ज किती आहे हे कर्त्या पुरुषाशिवाय कोणालाच ठाऊक नसते. मग तो एकटा कुढतो आणि बाकीचे अजाणतेपणी खर्च करतात. ज्या घरातील गृहिणीने डाळीच्या डब्यात चार पैसे लपवून अनेक अडचणी निभावल्या, तिच्यापासूनच आकडा लपविणे हा अन्याय आहे आणि मूर्खपणाही आहे.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची. कडधान्ये रात्री भिजत घातली, वरण, भात व बटाटे एकाच कुकरमध्ये तीन डब्यांत शिजविले, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद केली आणि भांड्यावर झाकण ठेवले तर गॅसची टाकी अधिक दिवस पुरते. भाजी हंगामाची घ्यावी. उरलेल्या पोळीचा कुस्करा व शिळ्या भाताला फोडणी हे आपल्या आजीचे शास्त्र आहे, त्याची लाज नसावी. किराणा यादी करून रोखीने आणावा. वाण्याच्या उधारीच्या वहीत दर आणि वजन विचारण्याचा हक्क आपण गमावून बसतो. गव्हाच्या हंगामात माळव्यात वर्षाची बेगमी करण्याची रीत चांगली आहे, परंतु ती हातच्या पैशाने करावी, कर्ज काढून नव्हे. घरात अजून जुना 60 वॅटचा दिवा असेल तर त्याच्या जागी 9 वॅटचा एलईडी दिवा लावावा. रोज पाच तास जळणाऱ्या एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक वीज वाचते. आणि रात्री सराफ्यात जाऊन खाण्याची हौस महिन्यातून एकदा भागविली तर तिची गोडी कमी न होता वाढेलच.

मात्र काटकसर कोणाच्या ताटातून होते, हे फार जपून पाहावे. आपल्या घरांत पुष्कळदा ती शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाटीतून सुरू होते. सर्वांना दूध मिळते, तिच्या वाट्याला चहाही कोरा येतो. आणि आम्ही काटकसर केली असे मात्र सारे घर म्हणते. मुलांचे दूध, म्हाताऱ्यांची औषधे, शाळेची फी आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचा पगार ह्यांतून वाचविलेला पैसा ऋण फेडीत नाही, तो नवे ऋण निर्माण करतो. ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, म्हणून ते फेडणे अधिक कठीण असते. हौसेला कात्री लावावी, भुकेला लावू नये.

ऋण फेडतानाही क्रम असावा. ज्याचे व्याज सर्वांत जड ते प्रथम फेडावे. घराचे कर्ज बहुधा सर्वांत हलके असते, ते मागे राहिले तरी चालेल, त्याचा नेमलेला हप्ता मात्र चुकवू नये. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक मुदतकर्ज मुदतीपूर्वी फेडल्याबद्दल बँकांनी दंड आकारू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2014 सालचा आदेश आहे, हे ध्यानात असू द्यावे. आजारपणासाठी महिन्याभराचा खर्च बाजूला ठेवावा, नाहीतर पुन्हा सावकाराची पायरी चढावी लागते. परंतु त्यापलीकडे शेकडा 6-7 व्याजाने ठेव ठेवावयाची आणि शेकडा 36 ने कर्ज चालू ठेवावयाचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. वसुलीसाठी कोणी अवेळी छळू लागल्यास भिऊन जाऊ नये. सकाळी 8 च्या आधी व संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे दूरध्वनी करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 2022 साली बँका व वित्तसंस्थांना बजावले आहे. आपण देणे लागतो, आपली अब्रू गहाण टाकलेली नाही.

आता एक नाजूक विषय. मी पुरोहिताच्या घरात वाढलो. दक्षिणेवर चालणारे ते घर आहे. म्हणूनच पुढील शब्द मी लिहिणे अधिक योग्य होय. धर्मकृत्यासाठी कर्ज काढू नका. मुंजीत गायत्रीचा उपदेश हे सार आहे. मंडप, वाजंत्री आणि चारशे पाने हे सार नव्हे. ती घरच्या अंगणात किंवा सामुदायिक व्रतबंधात झाली म्हणून बटूचे तेज उणे होत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद सव्वा पावशेराचा केला तरी तो प्रसादच असतो. पान, फूल, फळ आणि पाणी भक्तीने दिले तर मी ते स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात स्वमुखाने सांगितले आहे. त्यांत हप्त्याने घेतलेल्या वस्तूचा उल्लेख नाही. आणि आपली माणसे हालात असता बाहेर दानधर्म करणाऱ्याचे कृत्य वरून मधासारखे पण चवीला विषासारखे, धर्माची केवळ नक्कल होय, असा मनूचा अभिप्राय आहे. यजमानाने उसने आणलेली दक्षिणा ज्या पुरोहिताच्या हाती पडते, त्याच्याही वाट्याला त्या चिंतेचा अंश येतो. म्हणून पुरोहितवर्गाला माझी नम्र विनंती आहे की, यजमानाची परिस्थिती ओळखून विधी सांगावा आणि थोडक्यात केल्याने काही उणे राहत नाही, हे स्वतःच्या तोंडाने त्याला सांगावे. त्याला ते ऐकण्याची गरज असते. विचारण्याचे धैर्य नसते.

तर सज्जनहो, नेम असा करावा. ह्या चातुर्मासात कोणतीही नवी वस्तू हप्त्याने घ्यावयाची नाही. रोज वही लिहावयाची. पगाराच्या दिवशी प्रथम देणे वेगळे काढावयाचे. आणि वाचलेले पैसे प्रत्येक एकादशीला जड व्याजाच्या कर्जात नेमल्या हप्त्याहून अधिक म्हणून भरावयाचे. अधिक मास नसेल तेव्हा आषाढीपासून कार्तिकीपर्यंत नऊ एकादशा येतात. रोजचे 33 रुपये राखणाऱ्याजवळ दर एकादशीला सुमारे 500 रुपये जमतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपणच आपल्यावर केली आहे; यंदा फराळाचे ताट आवरून ती खोटी पाडता येईल.

कार्तिकीपर्यंत सर्व कर्ज फिटेल असे नाही. परंतु खर्चावर पहारा बसविण्याची सवय अंगी बाणेल, आणि देणे वाढत नसून घटते आहे हे वहीच्या शेवटच्या पानावर स्वच्छ दिसेल. ह्या व्रताच्या उद्यापनाला भोजने घालावी लागत नाहीत. त्या दिवशी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, रोखीने आणलेली एक साधी भाजी करावी, गृहिणीचे ताट सर्वांबरोबर मांडावे आणि देवापुढे वही ठेवून नमस्कार करावा. धर्मराजाने ज्याला सुखी म्हटले, त्याच्या पंक्तीला बसण्याची ती सुरुवात होय. आपणां सर्वांना ते आनृण्य लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून ही अल्प सेवा संपवितो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥